उदगीरएवढ्या गावाची टीम

अमेरिकन फुटबॉल म्हणलं की आपल्याकडं लोक आधी मेस्सीचं नाव घेतात, मग सांगावं लागतं की बाबा ते न्हाई, हेल्मेट घालून अंडाकृती बॉलमागं एकमेकांवर आदळतात ते. नियम एवढाच धरून चला की चार प्रयत्नात दहा यार्ड पुढं सरकायचं, जमलं तर परत चार मिळतात, बाकीचं बघता बघता कळतंय. मी ग्रीन बे पॅकर्सवाला. लातुरात बसून ही टीम कशापायी असं मित्र विचारतात, तर त्याचं कारण खेळाच्या आधी मालकी आहे.

ग्रीन बे म्हणजे विस्कॉन्सिनमधलं लाखभर वस्तीचं गाव, आपल्या उदगीरएवढं. तिथं 1919 ला कर्ली लॅम्बो नावाच्या पोरानं टीम काढली, तो ज्या मांस डबाबंद करायच्या कंपनीत कामाला होता तिनं ड्रेससाठी 500 डॉलर दिले, म्हणून पॅकर्स. पुढं पैशाची चणचण आली तवा 1923 ला गावात पाच-पाच डॉलरचे शेअर विकले, आणि तवापासून टीमला एक मालक असा न्हाईच. आज पाच लाखाच्या वर शेअरहोल्डर आहेत. लाभांश शून्य, शेअर बाजारात विकता येत न्हाई, तरी 2021 ला 300 डॉलरला एक असे लोकांनी हौसेनं घेतले. आपल्याकडं कारखान्याचा सभासद असल्यावर दिवाळीला स्वस्तात साखर तरी मिळते, इथं तेपण न्हाई, फक्त सर्टिफिकेट भिंतीला लावायचं आणि जुलैमधल्या सर्वसाधारण सभेत स्टेडियममध्ये जाऊन मंजूर मंजूर म्हणायचं. पण फायदा लई मोठा आहे. 1984 ला बाल्टिमोरची कोल्ट्स टीम मालकानं रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला नेली, गावाला सकाळी कळलं. ग्रीन बेमधून असं कुणाला नेता येत न्हाई.

आता सीझन. 1958 ला टीमनं बारापैकी एकच मॅच जिंकली होती. पुढच्या वर्षी विन्स लोम्बार्डी कोच म्हणून आला आणि सात वर्षांत पाच वेळा चॅम्पियन, पहिले दोन सुपर बोल, म्हणजे सीझनची शेवटची फायनल, तेपण त्यातच. सुपर बोलच्या ट्रॉफीला आज त्याचंच नाव आहे.

त्यातली 31 डिसेंबर 1967 ची डॅलसबरोबरची मॅच, आइस बोल म्हणतात तिला. तापमान उणे 25 सेल्सिअस, मैदानाखालची गरम करायची सिस्टीम बंद पडलेली, रेफरीची लोखंडी शिट्टी ओठाला चिकटून बसली. शेवटचे 16 सेकंद, पॅकर्स 14-17 नं मागं, टाइमआउट म्हणजे घड्याळ थांबवायचे हक्क संपलेले, गोलची रेषा हाताच्या अंतरावर. किक मारून तीन पॉइंट घेत बरोबरी करता आली असती पण टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून सगळा खेळ चालवणारा गडी, बार्ट स्टारनं बॉल कुणालाच न देता स्वतःच गर्दीत घुसवला. 21-17. आपण एप्रिलच्या 42 डिग्रीत पंख्याखाली बसून हे बघायचं म्हणजे गंमतच.

लोम्बार्डी गेल्यावर मात्र कोरडं पडलं. 1968 ते 1991, चोवीस सीझन, आणि प्लेऑफ म्हणजे सीझननंतरची बाद फेरी दोनदाच. माझ्या मते टीमची खरी परीक्षा हीच, कारण एवढ्या काळात स्टेडियमची तिकिटं संपायची काही थांबली न्हाईत. जिंकणाऱ्या टीमला गर्दी कुणीपण करतंय हो.

मग 1992 ला ब्रेट फार्व आला, त्याच्यानंतर आरन रॉजर्स, म्हणजे तीस वर्षांत क्वार्टरबॅक दोनच, दुसऱ्या टीमा दर दोन-तीन वर्षाला नवीन शोधत फिरतात. सुपर बोल दोघांचा एक-एक, 1996 च्या आणि 2010 च्या सीझनचा. मला इथंच राग येतो, रॉजर्ससारखा माणूस पंधरा वर्षं मेन खेळाडू असताना एकच? कॉन्फरन्स फायनल म्हणजे सेमीफायनलच, ती 2010 नंतर चार वेळा हरलो. त्यातली जानेवारी 2015 ची सिएटलची सगळ्यात वाईट, हाफटाइमला 16-0 नं पुढं, शेवटच्या पाच मिनिटांतपण 19-7, आणि मग समोरच्यानं बॉल परत आपल्याकडंच घ्यायला मुद्दाम आखूड मारलेली किक आपल्या पोराच्या हातात येऊन निसटली, ओव्हरटाइममध्ये 28-22 नं गेलो. यूट्यूबवर ती मॅच अजूनपण कधी लावली तर मी 19-7 ला बंद करतो.