बॅलार्ड पियरहून पश्चिमेकडे

मुंबईहून युरोपला विमानानं नऊ-साडेनऊ तासांत पोहोचता येतं, मग दोन आठवडे समुद्रात कशाला घालवायचे? निघण्याआधी हा प्रश्न घरच्यांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, ऑफिसात तर ज्याला त्याला तोच पडला होता. बोटीनं समुद्र ओलांडणं आजही वेगळं वाटतं का, हे मला पाहायचं होतं. आत्याचं कारण माझ्याहून साधं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गोदीत टॅली क्लार्क होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचा माल मोजला, विलायतेच्या बोटी सुटताना पाहिल्या. स्वतः मात्र रेवसच्या लाँचपलीकडे कधी गेले नाहीत. "अण्णांच्या धक्क्यावरून एकदा तरी निघायचं," आत्या म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

ही २०१९ च्या मार्चमधली गोष्ट. तेव्हा हिवाळाभर मुंबईहून गोवा, कोचीन, मालदीव अशा फेऱ्या मारणारी परदेशी क्रूझ बोट मार्चमध्ये भूमध्य समुद्राकडे परत जायची. बोट न्यायची तर असतेच, म्हणून त्या परतीच्या वाटेची तिकिटं विकली जातात. जायचं बोटीनं आणि यायचं विमानानं. आम्ही ते तिकीट घेतलं.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमची बोट 'लायनर' नव्हती. लायनर म्हणजे ठरलेल्या दिवशी निघून, हवा कशीही असली तरी ठरलेल्या दिवशी पलीकडच्या बंदराला लागणारी बोट. त्यासाठी तिचं नाक लांब आणि निमुळतं, पत्रा जाड आणि इंजिनं जास्त ताकदीची असतात. अशी बांधलेली आणि अजून सेवेत असलेली एकच बोट जगात उरली आहे: २००४ सालची, ३४५ मीटर लांबीची 'क्वीन मेरी २'. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ती साधारण सात रात्रींत जाते. बाकी सगळ्या क्रूझ बोटी मुख्यतः फिरवून आणण्यासाठी आहेत. पण प्रवास झाल्यावर माझं मत असं झालं की बोट कोणत्या जातीची आहे यापेक्षा ती परत येणार आहे की नाही, याला जास्त महत्त्व आहे. मुंबई-गोवा-मुंबई फेरी मीही केली आहे. मजा आली, पण पहिल्या रात्रीपासूनच आपण परत कधी येणार हे ठाऊक असतं. समुद्र ओलांडल्याची भावना त्यात येत नाही, येणारही नाही.

बॅलार्ड इस्टेटमधून सामान घेऊन बोटीकडे जाताना जरा थांबून आजूबाजूला पाहावं. हा सगळा भाग समुद्रात भर घालून केलेला. गेटवे ज्यानं उभारला त्या जॉर्ज विटेटनंच या दगडी इमारतींनाही एकसारखं रूप दिलं. धक्क्याला लागून 'बॅलार्ड पियर मोल' नावाचं रेल्वे स्टेशनच होतं. विलायतेहून आलेला माणूस बोटीतून उतरायचा आणि समोर उभ्या गाडीत बसून थेट उत्तरेकडे जायचा. १९२८ मध्ये सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल या प्रवाशांसाठी थेट इथून सुटत असे. आज त्या स्टेशनाचं काही उरलेलं नाही. आत्या मात्र इमिग्रेशनच्या रांगेतही मान वळवून वळवून शेड शोधत होती. "अण्णा म्हणायचे, मेल बोट लागली की हमाल, टांगेवाले, डाकवाले सगळे एकदम धावायचे." तिच्या पासपोर्टवर शिक्का पडला. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि पासपोर्ट पर्समध्ये न ठेवता हातातच धरला.

संध्याकाळी दोर सुटले. टगनं ओढून बोट फिरवली आणि उजव्या हाताला मुंबई सरकू लागली. नौदलाची गोदी, गेटवे, ताज, मग रेडिओ क्लब, ससून डॉक. डावीकडे घारापुरी आणि न्हावाशेव्याच्या क्रेन. परतणाऱ्या कोळ्यांच्या होड्या आमच्यापासून लांब राहून जात होत्या. एकीवरचा पोरगा दोन्ही हात वर करून ओरडत होता. कुलाब्याचं टोक संपलं की प्रॉंग्सचं दीपगृह लागतं, खडकावर एकटं उभं. दक्षिणेला खांदेरीचा दिवाही दिसला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. मग एक गोष्ट घडली, जी डेकवरच्या बऱ्याच जणांच्या लक्षातही आली नाही. आम्हाला बंदरातून बाहेर काढणारा पायलट बोटीच्या कुशीतल्या दारातून दोरीच्या शिडीनं खाली उतरला. खाली त्याची लाँच आमच्याच वेगानं चिकटून धावत होती. लाट वर येण्याची वाट पाहत तो क्षणभर शिडीवर थांबला आणि अचूक वेळ साधून लाँचवर पाय ठेवला. लाँच वळली, मुंबईकडे निघाली. विमानतळावर असा क्षण नसतो. आपल्या गावाचा शेवटचा माणूस आपल्याला सोडून परत जातो आहे, हे तिथे दिसत नाही.

पुढचे दोन दिवस नुसतं पाणी. मार्चमध्ये ईशान्येचे वारे मंदावलेले असतात आणि नैऋत्य मान्सूनला अवकाश असतो, त्यामुळे अरबी समुद्र अगदी शांत. मुंबईचं मातकट पाणी दुसऱ्या सकाळी गर्द निळं झालं होतं. उडणाऱ्या माशांचे थवे बोटीच्या पुढून सटकन निघायचे आणि बरंच अंतर कापून पाण्यात शिरायचे. बोटीवर बिंगो होता, नाचाचे वर्ग होते, दर तासाला लाउडस्पीकरवर कसली ना कसली सूचना होती. हे सगळं मला नकोसं झालं. समुद्राच्या मधोमध आणून माणसाला समुद्र विसरायला लावायचा, हा प्रकार मला मनापासून खटकतो. आम्ही दोघी वर, वाऱ्याच्या बाजूच्या खुर्च्यांवर जाऊन बसायचो.

ही वाट फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या ग्रीक पुस्तकात सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं आहेत. तिथला माल तांबड्या समुद्रातून इजिप्तला जायचा. म्हणजे विरार लोकलमधून आपण रोज जिथून जातो, तिथून दोन हजार वर्षांपूर्वी गलबतं याच दिशेनं निघत होती. वाफेवर मुंबई ते सुएझ हा प्रवास पहिल्यांदा झाला तो १८३० च्या मार्चमध्ये. वाडियांनी मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' कोळशाच्या ओझ्याखाली दबलेली निघाली आणि सुएझला पोहोचायला तिला महिन्याहून थोडा जास्त काळ लागला.

बोटीवर रोज संध्याकाळी खोली आवरून झाली की पलंगावर कागद ठेवलेला असायचा. घड्याळ मागे करायचं असेल तर तो निरोप त्यावरच. ओमानला पोहोचेपर्यंत दीड तास, सुएझपर्यंत साडेतीन. मी मोबाइल बघून मोकळी व्हायची. आत्यानं मनगटावरचं घड्याळ बदलायला साफ नकार दिला. "मुंबईत किती वाजले ते मला कळलं पाहिजे," ती म्हणाली. मग जेवताना ती दोन्ही वेळा सांगायची: इथे सात, घरी साडेआठ, इथे सात, घरी साडेनऊ, इथे सात, घरी साडेदहा. विमानात हे साडेतीन तास आपण झोपेत गिळून टाकतो आणि नंतर डोकं जड झालं म्हणून तक्रार करतो. इथे ते तुकड्या-तुकड्यानं अंगावरून गेले. पृथ्वी केवढी आहे हे शाळेत पाठ केलं होतं. खरं कळलं ते या जेवणाच्या टेबलावर.

आमची खोली आवरणारा मुलगा वसईचा होता. पहिल्या दिवशी 'मॅडम', दुसऱ्या दिवशी आत्याचं बोलणं कानावर पडल्यावर 'मावशी'. नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट, दिवसाला दहा-दहा तास काम. आत्यानं त्याला विचारलं, "रोज समुद्र बघून कंटाळा येत नाही रे?" तो हसला. "मावशी, समुद्र बघायला वेळ कुठे? आमची खोली पाण्याच्या खाली, खिडकी नाही. मला समुद्र तुमच्या खोलीत चादर बदलताना दिसतो." त्यानंतर तो आला की आत्या पडदा पूर्ण सरकवून ठेवायची आणि खोलीबाहेर जायची. चादर बदलायला त्याला जरा जास्त वेळ लागला तरी तिची काही तक्रार नव्हती.

सलालाहमध्ये दिवसभर थांबलो. लोबानाचा वास, उंटांच्या वाटा, नारळाची झाडं. कोकणात आल्यासारखं वाटत होतं, एवढंच सांगते.

तिथून पुढे एडनचं आखात. बोटीचं वागणं बदललं. रात्री डेकवरचे दिवे बंद, पडदे ओढून घेण्याची सूचना, कठड्यापाशी दुर्बिणी लावलेले पहारेकरी. चाच्यांच्या हल्ल्याची तालीम झाली: भोंगा वाजला की खिडक्यांपासून दूर, कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसायचं. आत्या गुडघे दुमडून शांतपणे बसली. २००८ पासून आपलं नौदल या आखातात गस्त घालतं आहे. क्षितिजावर एक करडी युद्धनौका दिसली तेव्हा ती कोणाची हे कळलं नाही, पण आमच्या बाकावरच्या सगळ्यांनी ती आपलीच असं ठरवून टाकलं.

त्या रात्री टीव्हीवरच्या नकाशात आमचा ठिपका एडनच्या दक्षिणेला होता. आत्या उठून बसली. "इथेच ना वासुदेव बळवंत?" हो, इथेच. एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होतं, आणि म्हणूनच फडक्यांना शिक्षेसाठी इथे आणून ठेवलं. १८८३ च्या फेब्रुवारीत ते तुरुंगातून निसटले, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारीला इथेच गेले. मुंबईपासून एडन सुमारे १,६५० सागरी मैल. मी हा आकडा वाचला होता. पण इतके दिवस तेच पाणी बघून झाल्यावर, त्या पाण्यापलीकडे बेड्या घालून आणलेल्या माणसाला आपलं गाव शिरढोण किती लांब वाटलं असेल, याचा अंदाज पहिल्यांदा आला. आम्ही अंधाऱ्या डेकवर गेलो. किनारा दिसत नव्हता. आत्यानं उत्तरेकडे तोंड करून हात जोडले.

बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद. ती ओलांडून तांबडा समुद्र लागला की गांधीजींचा १९३१ चा प्रवास आठवतो. २९ ऑगस्टला ते 'राजपुताना'नं मुंबईहून निघाले, दुसऱ्या वर्गानं, आणि बराचसा वेळ डेकवर काढून ११ सप्टेंबरला मार्सेलिसला उतरले. सावरकर १९०६ मध्ये 'पर्शिया'नं याच वाटेनं गेले आणि मार्सेलिसच्या उडीनंतर १९१० च्या जुलैत याच वाटेनं कैदी म्हणून मुंबईला आणले गेले. बाबासाहेब १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांची पुस्तकं ज्या बोटीनं येत होती, ती टॉर्पेडोनं बुडाली. आपल्या पुस्तकांतली किती पानं या पाण्यावर घडली आहेत, ते नकाशाशेजारी उभं राहून बघितलं की जाणवतं.

सुएझचा कालवा पाहायला पहाटे चारला उठलो. १९३ किलोमीटर लांब, १८६९ मध्ये खुला झालेला. दोन्ही समुद्रांची पातळी जवळपास सारखी म्हणून मध्ये एकही दरवाजा नाही. एकामागून एक बोटी, ठरावीक अंतर राखून, अगदी सावकाश. आमच्यापुढे कंटेनरचं प्रचंड जहाज होतं आणि वळणावर पाणी दिसेनासं झालं की ते वाळूतूनच चालल्यासारखं दिसायचं. डावीकडे हिरवी शेतं, खजूर, मशिदी, सायकलवरून शाळेत जाणारी मुलं. उजवीकडे सिनाईची वाळू आणि पहाऱ्याच्या चौक्या. एका चौकीतल्या सैनिकानं हात हलवला. आत्यानं पदर सावरून दोन्ही हात हलवले. वसईचा मुलगाही सुट्टीच्या अर्ध्या तासात वर आला होता. कठड्याला रेलून त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवला.

पोर्ट सैदनंतर हवा गार झाली आणि भूमध्य समुद्रानं आपला इंगा दाखवला. आत्याला दीड दिवस बोट लागली. आलेपाक आणि कोरडी बिस्किटं, एवढ्यावर तिनं काढला तो वेळ. इटलीत उतरलो तेव्हा तिचे पाय जमिनीवरही डोलत होते आणि ती ते ज्याला त्याला कौतुकानं सांगत होती.

आता ही वाट तशी सोपी राहिलेली नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. पण बॅलार्ड पियरला नवं क्रूझ टर्मिनल झालं आहे, आणि हंगाम बदलताना एकतर्फी जाणाऱ्या बोटी जगभर असतात. तशी संधी मिळाली तर ती घ्या, असं मी कोणालाही सांगेन. उतरायच्या देशाचा व्हिसा, वाटेतल्या बंदरांचे नियम आणि परतीचं विमान आधी पक्कं करा. बाल्कनीच्या केबिनवर जास्त पैसे घालू नका. आतली, बिनखिडकीची खोलीही चालते, कारण दिवस डेकवरच काढायचा असतो. आणि मुंबई सोडताना उजव्या बाजूला, अगदी वरच्या डेकवर, दोर सुटायच्या तासभर आधी जागा धरा.