व्होल्तेराहून आणलेला पांढरा वाडगा

खरं सांगायचं तर व्होल्तेरा आमच्या लिस्टमध्ये नव्हतंच. इटलीतल्या टस्कनीत गेलेले सगळे सिएना आणि सान जिमिन्यानो करतात, तेच आमचंही ठरलेलं, पण फ्लॉरेन्सच्या एका दुकानात दुधी रंगाचा दिवा दिसला, आतला बल्ब लावला की दगडातल्या शिरा बासुंदीत केशर उतरावं तशा दिसायच्या, आणि काउंटरवरच्या बाई म्हणाल्या हे अलाबास्टर, व्होल्तेराचं. झालं, माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, "दगड बघायला दोन बस बदलून जायचं?" मी म्हटलं हो, जायचं.

फ्लॉरेन्सहून आधी कोल्ले दी व्हाल देल्सा आणि तिथून दुसरी बस. आता मोबाईलवर जी दुसरी बस दिसत होती ती फक्त शाळा चालू असताना धावते हे स्टॉपवरच्या कागदावर बारीक अक्षरात इटालियनमध्ये लिहिलेलं, आणि आम्ही गेलो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा तिथल्या शाळा उघडायच्या होत्या. दोन तास उन्हात बसलो, पुण्याहून नेलेली चकलीची शेवटची पिशवी तिथे संपली आणि नवऱ्याने एक शब्दही काढला नाही, जे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

पण मग बस वळणावळणाने चढायला लागली आणि दोन्ही बाजूंना नुसत्या नांगरलेल्या करड्या टेकड्या, झाड असलं तर एखादंच, आणि वर एका लांबट डोंगरावर तटबंदीतलं गाव. उंची साधारण ५३० मीटर, म्हणजे आपल्या माथेरान-लोणावळ्याच्या हिशोबात काही फार नाही, पण आजूबाजूला आडवं काहीच नसल्याने वारा असा लागतो की ओढणी सांभाळता सांभाळता पुरेवाट.

गाव एट्रुस्कन लोकांचं, म्हणजे रोमनांच्याही आधी या भागात राहणाऱ्यांचं, तेव्हाचं नाव वेलाथ्री. त्यांच्या तटबंदीचा एक दरवाजा अजून उभा आहे, पोर्ता आल्लार्को. कमानीवर काळ्या दगडाची तीन डोकी आहेत, वाऱ्यापावसाने इतकी झिजलीत की नाक कुठे, डोळे कुठे काही कळत नाही, देवळाबाहेरचा शेंदूर फासलेला जुना दगड असतो ना तसं काहीसं. या दरवाजाची गोष्ट मात्र मला फार आवडली. १९४४ साली जर्मन सैन्य हा दरवाजा सुरुंगाने उडवणार होतं, तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्यावरच्या फरश्या उखडल्या आणि एका दिवसात अख्खी कमान दगडांनी भरून बंद करून टाकली, मग दरवाजाच नाही तर उडवणार काय! मी त्या कमानीखालून उगाचच चार वेळा आत-बाहेर केलं.

चौकातला पालाझ्झो देई प्रिओरी १२०८ मध्ये बांधायला घेतलेला, टस्कनीतली सगळ्यात जुनी नगरपालिकेची इमारत म्हणतात. समोरच्या बुरुजावर वर एक छोटंसं दगडी डुक्कर बसवलंय, ते शोधण्यात आमची मान दुखली. बाकी चर्च वगैरे बघितलं, छान आहेत, त्याबद्दल मी काही लिहित नाही, कारण मला खरोखर काही आठवत नाहीये.

जेवायला चेचिना मिळाली, म्हणजे डाळीच्या पिठाचं भलंमोठं धिरडं भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड, बस्स. नवऱ्याचा मूड इथे सुधारला. ब्रेडमध्ये मात्र मीठच नसतं, टस्कनीभर हीच तऱ्हा.

गल्लीगल्लीत अलाबास्टरची दुकानं, पण बऱ्याच ठिकाणी नुसता विकायचा माल. एका गल्लीत दार अर्धवट उघडं होतं आणि उंबऱ्यापासून आतपर्यंत सगळं पांढरं. सगळं म्हणजे सगळं, रेडिओ, कॅलेंडर, खिडकीतल्या कोळ्याच्या जाळ्यासुद्धा, जाड दोऱ्यासारख्या लोंबत होत्या. आत एक आजोबा लेथवर वाडगा कातत होते, भुवया पांढऱ्या, वयाने का धुळीने देव जाणे, हुबेहूब आपल्याकडचा पिठाच्या गिरणीतला माणूस. आम्ही दारात घुटमळलो तर हातानेच या म्हणाले.

मला त्या धुळीचा वास ओळखीचा वाटला आणि मिनिटभराने लक्षात आलं, पेण! माझं आजोळ पेणचं, लहानपणी मे महिन्यात गणपतीच्या कारखान्यात आम्ही दिवस दिवस पडीक असायचो. अलाबास्टर म्हणजे जिप्समच, आणि जिप्सम भाजून त्यातलं पाणी उडवलं की होतं प्लास्टर ऑफ पॅरिस. म्हणजे नात्यातलाच वास. मी हे आजोबांना ट्रान्सलेटरवर सांगायचा प्रयत्न केला, हत्तीचं डोकं असलेला देव, तो नंतर पाण्यात सोडतात... त्यांनी मोबाईलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत लेथ चालू केलं.

दगड इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो, त्यांनी मला एका तुकड्यावर ओढायला लावला. जमिनीत तो गोळ्यागोळ्याने सापडतो, बाहेरून चिखलाने माखलेल्या बटाट्यासारखा, फोडल्याशिवाय आतला रंग कळत नाही. पूर्वी सगळा जवळपासच्या खाणींतला, कास्तेल्लीना मारित्तिमाकडचा, आता स्पेनहूनही येतो. वाडगा कातताना ते मधूनच थांबायचे, बल्ब आत धरायचे आणि कडेतून उजेड कसा येतोय ते बघायचे, कुठे काळपट दिसलं की तिथे अजून थोडं खरवडायचं. मोजपट्टी वगैरे काही नाही. शेवटी शेवटी कड एवढी पातळ झाली की पलीकडून त्यांच्या बोटांची सावली दिसत होती आणि माझाच श्वास अडकला.

कोपऱ्यात एक बाहुली होती, चक्क संगमरवरी. मी विचारलं तर हसले. अलाबास्टर पाण्यात ठेवून हळूहळू तापवत उकळीच्या जवळ नेलं की त्याची पारदर्शकता जाते आणि ते संगमरवरासारखं पांढरंफटक होतं. ही जुनी ट्रिक आहे, चोरून काही नाही, त्याला नावसुद्धा आहे, पिएत्रा आ मार्मो.

एकोणिसाव्या शतकात इथले व्यापारी हा माल घेऊन जगभर हिंडायचे, त्यातला जुझेप्पे व्हिती तर हिंदुस्थानापर्यंत पोचलेला, त्याचा वाडा बघता येतो. तिथे अलाबास्टरचे दोन प्रचंड दीपस्तंभ आहेत, मेक्सिकोच्या सम्राट मॅक्सिमिलियनची ऑर्डर. माल पोचवायच्या आत १८६७ मध्ये सम्राटाला गोळ्या घातल्या, दीपस्तंभ राहिले घरातच. कुठल्याही कारागिराला विचारा, गिऱ्हाईकाने ऑर्डर देऊन न उचललेला माल प्रत्येकाच्या माळ्यावर असतो, इथे एवढंच की गिऱ्हाईक सम्राट होतं.

ग्वार्नाच्ची म्युझियममध्ये एट्रुस्कन लोकांच्या अस्थी ठेवायच्या दगडी पेट्या आहेत, सहाशेच्या वर, त्यातल्या कितीतरी अलाबास्टरच्याच. बहुतेकींच्या झाकणावर मेलेला माणूस कुशीवर रेलून हातात वाटी घेऊन बसलेला, जेवणावळीत बसावं तसा. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि हातात वाटी, आणि आम्ही नुकताच वाटीवाल्याकडून आलेलो. तिसऱ्या दालनापर्यंत नवराही गप्प झाला, यावेळी चांगल्या अर्थाने.

निघताना परत आजोबांकडे गेलो आणि एक छोटा वाडगा घेतला, किंमत सांगणार नाही, आई हे वाचते. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळताना तीनदा बजावलं, आक्वा नो, पाणी नाही. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, ओला ठेवला की पॉलिश जातं.

पुण्यात आल्यावर मी हे सगळं आईला नीट सांगितलं. आठवड्याने बघते तर वाडगा देवघरात, काठोकाठ पाणी आणि वर मोगऱ्याची फुलं. पाणी ओतून आत बोट फिरवलं तर बुडाशी पाटीवरच्या खडूसारखं खरबरीत लागलं.

"अगं तो दगड आहे ना?" आई म्हणाली. "मग दगडाला पाणी चालत नाही असं कसं?"