काकांचे व्यक्तिचित्र : पेन्सिलीच्या अभ्यासापासून तैलरंगाच्या तिसऱ्या थरापर्यंत

काकांच्या व्यक्तिचित्राचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे की, पेन्सिलीतील अभ्यासचित्र पूर्ण झाले आहे आणि कॅनव्हासवर तैलरंगाचा तिसरा थर सुकतो आहे. वास्तववादी व्यक्तिचित्रणाचा सराव करणाऱ्यांना उपयोगी पडेल या हेतूने आतापर्यंतच्या कामाची ही सविस्तर नोंद करत आहे. या चित्राने माझे एक मत पक्के केले : चेहऱ्याचे साम्य रंगावर फारसे अवलंबून नसते, ते छायेच्या आकारांवर आणि त्या छायेच्या गडदपणावर अवलंबून असते. छटा, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, योग्य असेल तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी माणूस ओळखू येतो; परंतु छटा चुकली तर कितीही सुंदर रंग लावला तरी समोर कोणी तरी परकाच माणूस उभा राहतो. म्हणूनच तैलरंगाला हात लावण्यापूर्वी पेन्सिलीवर मी भरपूर वेळ घालवला.

प्रकाशाची मांडणी साधी ठेवली. काकांना एकाच खिडकीच्या उजेडात, डावीकडून आणि थोडा वरून प्रकाश येईल असे बसवले आणि खोलीतील बाकीचे सर्व दिवे बंद केले. दोन बाजूंनी उजेड आला की नाकाच्या दोन्ही अंगांना फिक्या छाया पडतात आणि चेहऱ्याची घडण कळेनाशी होते. ते बसू शकत नसत अशा वेळेसाठी एक छायाचित्रही काढून ठेवले. ते सुमारे दोन मीटर अंतरावरून काढले, कारण कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ नेला तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि अशा छायाचित्रावरून कितीही अचूक मोजमाप घेतले तरी ती विकृती चित्रात उतरतेच. छायाचित्राची दुसरी मर्यादा छायेत असते. कॅमेरा उजळ भाग सांभाळायला गेला की हनुवटीखालचा आणि कानामागचा भाग सरसकट काळा करून टाकतो, तर प्रत्यक्ष डोळ्यांना तिथे शर्टावरून परावर्तित झालेला मंद, उबदार उजेड स्पष्ट दिसतो. त्यामुळे मोजमापे छायाचित्रावरून आणि छायेचा आतला भाग काकांना समोर बसवून, अशी कामाची विभागणी केली.

आराखड्यासाठी नेहमीची प्रमाणे हाताशी असतातच : डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढे अंतर असते आणि समोरून पाहता डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांइतकी भरते. तथापि ही प्रमाणे सर्वांच्याच चेहऱ्याला थोडीफार लागू होत असल्यामुळे त्यांतून विशिष्ट माणूस उभा राहत नाही. तो उभा राहतो तो या प्रमाणांपासून त्याचा चेहरा जिथे ढळतो तिथे. काकांच्या बाबतीत नाकाचा पाया आणि वरचा ओठ यांतील अंतर नेहमीपेक्षा जास्त आहे, उजवी भुवई डावीपेक्षा वर आहे आणि तोंडाची रेषा किंचित तिरपी आहे. हे तीन फरक मी पहिल्याच फिक्या रेषांत पक्के करून घेतले आणि पुढे सगळे काम त्यांच्या आधाराने केले. सरावात नेहमी असे आढळते की, हात नकळत चेहरा सममित करू पाहतो. म्हणून दर थोड्या वेळाने चित्र आरशात पाहावे. उलट्या प्रतिमेत तिरपेपणा लगेच डोळ्यांत भरतो आणि तो आपल्याला हवा तेवढाच आहे की नाही हे पारखता येते.

पेन्सिलींमध्ये आराखड्यासाठी एचबी, मधल्या छटांसाठी टूबी आणि गडद भागासाठी फोरबी एवढ्याच वापरल्या. ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून आणि तिचे प्रमाण कमीजास्त करून कठीण वा मऊ कांडी बनवण्याची पद्धत निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये काढली आणि आजही पेन्सिलीचे हे क्रम त्याच तत्त्वावर ठरतात. ग्रॅफाइटची अडचण अशी की, ते दाबून लावले की चकाकते, आणि ज्या ठिकाणी सर्वांत गडद काळा हवा नेमका तिथेच तिरप्या उजेडात राखाडी दिसू लागते. म्हणून बाहुल्या, नाकपुड्या आणि चष्म्याच्या काडीची खालची कड एवढ्याच जागी कार्बन पेन्सिल वापरली, कारण तिचा काळा रंग निस्तेज, म्हणजे न चकाकणारा असतो. मात्र ती जागा आधी कोरी ठेवावी लागते. चोपड्या ग्रॅफाइटवर कार्बन नीट धरत नाही.

छटांसाठी मी पाचच पायऱ्या ठरवल्या आणि कागदाच्या कडेला त्यांची पट्टी काढून ठेवली. डोळे बारीक करून पाहिले की तपशील नाहीसा होतो आणि चेहऱ्याचे दोनच मोठे भाग उरतात, प्रकाशातला आणि छायेतला. या दोन भागांतील सीमारेषेचा आकार आधी मिळवला : कपाळाच्या उंचवट्यावरून उतरून, भुवईखालच्या खोबणीत शिरून, नाकाच्या बाजूने खाली येऊन गालाच्या हाडाला वळसा घालणारी ती एक सलग आकृती आहे. तिच्या आत सपाट छटा भरल्यावर डोळे, ओठ काहीही काढलेले नसताना घरातल्यांनी दारातूनच काकांना ओळखले. यानंतरचा एकच नियम मी कटाक्षाने पाळला, तो असा की, छायेतील सर्वांत उजळ जागादेखील प्रकाशातील सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. जबड्याखालचा परावर्तित प्रकाश मोहात पाडतो आणि तो जरा जास्त उजळला की जबडा फुगून पुढे येतो. छटा मिसळण्यासाठी बोट वापरले नाही, कारण त्वचेचा तेलकटपणा कागदावर बसतो आणि नंतर तो डाग खोडताही येत नाही. एकमेकींना लागून ओढलेल्या रेघा आणि मळून हवा तसा टोकदार करता येणारा मऊ खोडरबर यांवरच काम भागले.

या अभ्यासाचा सर्वांत कठीण, आणि मला सर्वांत जास्त आनंद देणारा भाग म्हणजे चष्म्यामागचा डोळा. काकांचा चष्मा मायनस नंबरचा आहे. अशा काचेतून डोळा प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो आणि चेहऱ्याची बाहेरची कड काचेच्या आत थोडी नाकाकडे सरकलेली दिसते. म्हणजे गालाची रेषा वरून खाली येताना काचेच्या सीमेवर तुटते, आत सरकून पुढे जाते आणि काच संपल्यावर पुन्हा आपल्या जागी येते. ही तुटलेली रेषा जशीच्या तशी काढली की चष्मा खरा वाटतो आणि ती सरळ जोडून टाकली की चेहऱ्यावर नुसती फ्रेम चिकटवल्यासारखी दिसते. काचेवरील खिडकीचे प्रतिबिंब मी एकाच काचेवर, वरच्या कोपऱ्यात आणि पांढऱ्यापेक्षा एक पायरी खाली ठेवले, कारण सर्वांत पांढरा ठिपका डोळ्यातील चमकेसाठी राखून ठेवायचा होता. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो हे आपण सर्व जाणतोच, पण तो किती गडद असतो ते मोजून पाहिल्याशिवाय पटत नाही : डोळा हा गोळा असल्यामुळे कोपऱ्यांकडे तो वळत जातो आणि वरच्या पापणीची छाया त्याच्यावर आडवी पडते, त्यामुळे काकांच्या डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा माझ्या पट्टीवरील तिसऱ्या पायरीवर आला. खालच्या पापणीला जाडी असते. त्या जाडीवर ओलाव्याची एक बारीक उजळ रेघ असते. ती सलग काढू नये, दोन ठिकाणी तोडावी, म्हणजे डोळा ओलसर दिसतो.

कॅनव्हासवर आराखडा उतरवताना पेन्सिलीची रेघ शक्यतो कमी ठेवली, कारण तैलरंगाचा थर काळानुसार अधिक पारदर्शक होत जातो आणि पातळ थराखालून ग्रॅफाइट पुढे डोकावू शकते. रेघांवरून पातळ रॉ अंबरने (मातकट तपकिरी रंगाने) पुन्हा काढून घेतले आणि सुकल्यावर उरलेली पेन्सिल पुसून टाकली. पहिला संपूर्ण थर याच एका रंगात केला. पेन्सिलीतील पाच पायऱ्या इथे जशाच्या तशा आल्या. फरक एवढाच की, उजळ भाग रंग लावून नव्हे, तर कापडाने रंग पुसून मिळवले. अंबरमध्ये मँगनीज असते आणि ते तेल लवकर सुकवते, म्हणून खालच्या थरासाठी हा रंग फारच सोयीचा आहे. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा बाष्पीभवनाने सुकत नाही, जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होत जाते. याच कारणाने तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढीग करून ठेवू नयेत, त्या क्रियेतील उष्णतेने ती आपोआप पेटू शकतात. मी ती पसरून वाळवते किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकते.

दुसऱ्या थरापासून रंग आला. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या संचात, पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक हे चारच रंग असतात आणि त्यांत काळाच निळ्याचे काम करतो. सरावासाठी ही पॅलेट मला अतिशय मोलाची वाटते. तरीही काकांच्या सावळ्या कांतीसाठी मी काळ्याऐवजी अल्ट्रामरीन ब्ल्यू घेतला आणि बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाची भर घातली, कारण या दोहोंच्या मिश्रणातून मिळणारा गडद तपकिरी हवा तसा उबदार किंवा थंड करता येतो. उपलब्ध मार्गदर्शनातील बरेचसे त्वचारंग गोऱ्या कांतीवर आधारलेले असतात आणि सावळ्या कांतीसाठी त्यांत थोडा तपकिरी मिसळावा एवढेच सांगितले जाते. हे पुरेसे नाही. गडद त्वचेवरून आतून परतणारा प्रकाश कमी असतो, पण पृष्ठभागावरची चमक जवळजवळ तेवढीच असते, त्यामुळे कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचे हाड यांवरील चमक सभोवतालच्या छटेपेक्षा कितीतरी ठळक दिसते आणि तिचा रंग त्वचेचा नसून येणाऱ्या उजेडाचा असतो. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असल्यामुळे काकांच्या कपाळावरची चमक निळसर राखाडी होती. ती नुसत्या पांढऱ्याने रंगवली असती तर कपाळावर पीठ लागल्यासारखे दिसले असते.

पांढऱ्याच्या बाबतीत मी फार जपून वागले. टायटेनियम व्हाइट रंग उजळतो, त्याच वेळी त्याला थंड आणि खडूसारखा करतो. म्हणून उजळ बाजूच्या मिश्रणात पांढऱ्याबरोबर प्रत्येक वेळी यलो ऑकर आणि कॅडमियम रेडचा अंश घातला. कामाला बसण्यापूर्वी पॅलेटवर पाच छटांची रांग पॅलेट नाइफने मिसळून ठेवत असे आणि प्रत्येक ढीग पेन्सिलीच्या पट्टीशेजारी धरून, डोळे बारीक करून तपासत असे. यात वेळ जातो, पण ब्रश हातात घेतल्यावर छटेचा विचार करावा लागत नाही आणि सगळे लक्ष आकाराकडे राहते. चेहऱ्यावरील रंगाचे पट्टेही इथेच ठरवले : कपाळ पिवळसर तपकिरी, नाक, गाल आणि कान यांचा मधला पट्टा तांबूस आणि दाढीचा भाग हिरवट राखाडी. खुंट एकेक करून काढले नाहीत; त्वचेच्या ओल्या रंगावर राखाडीचा पातळ थर ओढला आणि हनुवटीच्या उजळ बाजूला मोजके पांढरे केस शेवटी टिपले. कानाची पाळी मात्र पाहण्यासारखी होती. मागून उजेड आरपार येत असल्याने तिथे संपूर्ण चित्रातील सर्वांत शुद्ध लाल आला आहे.

तिसऱ्या थरात मुख्य काम कडांचे होते. पेन्सिलीत सर्व कडा जरा स्पष्टच राहतात. तैलरंगात मात्र ओल्या रंगावरून कोरडा ब्रश फिरवून कड विरघळवता येते आणि वास्तवाचा आभास बराचसा यातूनच येतो. छायेकडच्या बाजूचे केस मी पार्श्वभूमीत मिसळू दिले, जबड्याची मागची कड मऊ केली आणि तीक्ष्ण कडा फक्त चष्म्याची उजळ बाजू, नाकाखालची छाया आणि डाव्या डोळ्याची वरची पापणी येथे ठेवल्या. या थरात रंगात आधीपेक्षा जास्त जवसाचे तेल घातले, कारण कमी तेलाच्या थरावर जास्त तेलाचा थर हा क्रम उलटा झाला तर वरचा थर आधी सुकतो आणि खालचा हलत राहिल्याने पुढे तडे जातात. कपाळाच्या छायेतील रंग तेल शोषले गेल्याने निस्तेज आणि फिका दिसू लागला होता. त्यावर तेलाचा अगदी पातळ हात देऊन लगेच पुसून घेतला, तेव्हा खरी छटा परत दिसू लागली आणि पुढचा रंग तिच्याशी जुळवता आला.

आता शर्टाची कॉलर आणि गळ्याचा भाग राहिला आहे. कॉलर मी मुद्दाम मोठ्या ब्रशने, मोजक्या फटक्यांत संपवणार आहे, म्हणजे नजर तिथे अडकणार नाही. उजव्या काचेतील गालाची सरकलेली रेषा अजून थोडी मऊ हवी आहे आणि त्यासाठी काकांना आणखी एकदा खिडकीशी बसवायचे आहे. वॉर्निशचा विचार मात्र किमान सहा महिन्यांनी, जाड थर आतून पुरेसे सुकल्यावरच करायचा आहे. दरम्यान, याच चेहऱ्याचा दिव्याच्या पिवळ्या उजेडातील पेन्सिल अभ्यास सुरू केला आहे. त्यात प्रकाशछायेची सीमा कपाळावर कुठे सरकते आणि चमकेचा रंग निळसराऐवजी कोणता होतो हे पाहून नव्या मिश्रणांची रांग ठरवायची आहे.