पाऊस पाठीमागून येतो

मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे मला एक प्रश्न हमखास विचारतात. "आम्ही मुद्दाम पावसाळा टाळून येतो, तरी कोकणात पाऊस गाठतोच. तुम्ही अशा वेळी काय करता? रेनकोट कुठला घ्यायचा?" तुम्हीही विचारलंत म्हणून आज नीट सांगते. रेनकोटचं शेवटी सांगेन, कारण तो खरोखरच शेवटचा मुद्दा आहे.

पावसाळा टाळणं आता कॅलेंडर बघून जमत नाही. 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडपर्यंत आला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. फयान वादळ आलं ते तर 2009 च्या नोव्हेंबरात. तेव्हा तारखेपेक्षा आभाळ बघा, आणि ते कुठल्या दिशेला बघायचं हे आधी समजून घ्या. जून ते सप्टेंबरचा पाऊस समुद्रावरून येतो. वळवाचा आणि ऑक्टोबरचा पाऊस मात्र बहुतेक वेळा सह्याद्रीकडून उतरतो. सकाळी आभाळ लख्ख असतं. जमीन तापते, खारे वारे दमट हवा आत नेतात, ती डोंगराला लागून वर चढते आणि दुपारी घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात. पाहुणे तेव्हा समुद्राकडे तोंड करून सूर्यास्ताची वाट बघत असतात. पाऊस पाठीमागून येतो.

मला हे राजापूरच्या सड्यावर कळलं. ऑक्टोबरचे दिवस होते. बहीण, तिचे यजमान आणि दोन्ही मुलांना बारसूची कातळशिल्पं दाखवायला नेलं होतं. जेवूनखाऊन दुपारी निघालो, चूक तिथेच झाली. सड्यावर पोचलो आणि घाटाकडे गडगडलं. भाचा म्हणाला, "मावशी, परत फिरूया का?" मी म्हणाले, "आलोच आहोत, दहा मिनिटांत बघून होईल." हे वाक्य मी आता कुणालाही बोलू देत नाही. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. तिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे एखादं एकटं झाड, नाहीतर आपण. सर आली तशी मुलं काजूच्या झाडाखाली धावली. मी ओरडून त्यांना तिथून काढलं आणि सगळे गाडीकडे पळालो. विजा लांब पडल्या, कुणाला काही झालं नाही. पण भाची त्या रात्री झोपली नाही, आणि ती भीती माझ्या एका हट्टापायी तिच्या वाट्याला आली.

तेव्हापासून गडगडाट कानावर आला की माझ्यापुरता बेत संपतो. आवाज ऐकू येतो एवढ्या अंतरावरची वीज आपल्यापर्यंतही पोचू शकते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, साधारण तेवढे किलोमीटर ती लांब आहे. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी, निवारा हाच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. जवळ काहीच नसेल तर एकमेकांपासून लांब होऊन, पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर घेऊन ठेवा, आसपास विजा पडत असतील तर ते सांगतं.

पाण्याचंही तसंच. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला असेल तर वहाळाला, म्हणजे ओढ्याला, लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला की मुलांना तिथून लगेच बाहेर काढा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जोराचा पाऊस झाला तर पाण्याला खाडीत उतरायला वाट मिळत नाही आणि काठचे रस्ते बुडतात. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल किंवा होडीवाला नाही म्हणत असेल, तर दोनशे रुपये जास्त देऊन त्याला तयार करू नका. कृपा करून हे करू नका.

आता रेनकोट. कुठलाही चालेल, वाऱ्यापावसात आतून ओले व्हायचे ते होताच. त्यापेक्षा पिशवीच्या आत पिशवी घालून कपड्यांचा एक कोरडा जोड, एक पंचा आणि अंथरायला-पांघरायला जाड प्लॅस्टिकचा कागद घ्या. जीन्स नको, खाऱ्या हवेत ती दोन दोन दिवस वाळत नाही.

त्या संध्याकाळी गाडी वाडीत आणली तर पहिल्याच घरातल्या आजींनी हाक मारली, "आधी आत या, पाय मागाहून धुवा." पडवीत बसून कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. पागोळ्या थांबेपर्यंत रात्र झाली. त्यांनीच सांगितलं, उजाडता उजाडता जा.

सकाळी साडेसहाला पुन्हा सड्यावर गेलो. कोरड्या कातळावर ज्या रेषा बोटाने दाखवाव्या लागतात, त्या पाण्याने भरून चमकत होत्या. भाची प्रत्येक आकृतीभोवती फिरली. घाटाकडे अजून एकही ढग नव्हता. तरी नऊला आम्ही खाली उतरलो.