आमची वाटचाल : एका मशीनवर उभा राहिलेला धंदा

हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचं काम सुरू केलं तेव्हा हाताशी एकच साधा व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा) मेटल डिटेक्टर होता. आजही बहुतेक कामं त्याच्यावरच होतात. ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे मशीन किती?" आम्ही उलट विचारतो, अंगठी पडली कुठे, गवतात की वाळूत?

सुरुवातीला भांडवलच तेवढं होतं. पुढे पैसे आले तरी दुसरं घेण्याची घाई केली नाही, कारण तोवर कान तयार झाला होता. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या कॅनची कडी मशीनच्या पडद्यावर बऱ्याचदा एकाच आकड्याच्या आसपास दिसतात. कचरा नको म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सेटिंग) वाढवून अ‍ॅल्युमिनियम गाळलं, की अंगठीही गळते. म्हणून आम्ही आकड्यापेक्षा आवाजावर जातो. अंगठीचा सूर गोल, कुठूनही कॉइल (मशीनच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) फिरवा, तसाच. गंजका खिळा एका बाजूने गोड बोलतो. काटकोनात वळून पुन्हा फिरवलं की बहुतेक वेळा आवाज फाटतो. प्रत्येक मशीनची बोली वेगळी. सारखं मशीन बदललं तर कान पुन्हा पहिलीत जाऊन बसतो.

नवीन माणसाच्या हातीही हेच मशीन देतो. सरावाच्या वाफ्यात नाणं, कडी, अंगठीला खेटून खिळा असं पुरून ठेवलंय. कॉइल टोकाला उचलली जाता कामा नये, प्रत्येक फेरा मागच्यावर चढला पाहिजे. आणि सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवायची नाही. विजेच्या तारांजवळ मशीन बडबडतं आणि बारीक सिग्नल त्यात बुडतो.

कमाईतला पहिला खर्च केला तो छोट्या कॉइलवर. मोठी कॉइल खोल जाते, पण खिळा आणि अंगठी एकत्र करून टाकते.

दुसरं मशीन आलं ते समुद्रकाठच्या कामांमुळे. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओल्या वाळूत आमचं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन सतत ओरडायचं. तिथे हात कितीही पक्का असला तरी उपयोग नाही. हे दुसरं मशीन पल्स इंडक्शन, म्हणजे विजेचे छोटे ठोके सोडून धातू शोधणाऱ्या प्रकारचं. ते तिथे शांत राहतं, मात्र लोखंड आणि सोनं यांतला फरक नीट सांगत नाही. जे वाजेल ते खणायचं.

१८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही; पलंगावरच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनीही गोंधळ घातला, असं सांगतात. फावडं घेऊन कॉइलजवळ उभ्या राहणाऱ्या ग्राहकाला हा किस्सा ऐकवला, की तो आपणहून मागे सरकतो.

सध्या सहकाऱ्यांना खोल पुरलेल्या मोठ्या वस्तूंसाठी टू-बॉक्स डिटेक्टर हवाय. तशी कामं अजून तुरळक येतात. तूर्तास भाड्याने आणू, असं मी म्हटलंय.