चुकीच्या उत्तराची किंमत

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत एका चुकीच्या उत्तराची किंमत अर्धा गुण असते. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, २०० गुण, प्रत्येक बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीच्या उत्तरामागे त्याच्या २५ टक्के वजा. न सोडवलेल्या प्रश्नाला काहीच नाही. सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेतील मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी तो हा हिशेब सांगेल. तरीही सराव चाचण्या तपासताना मला सतत दिसत आले आहे की चांगला अभ्यास झालेली मुलेच या हिशेबात अडकतात. त्यांचे गणित कच्चे नसते. त्यांना चुकण्याची धास्ती असते.

साताऱ्याकडचा एक मुलगा चाचणीत १०० पैकी ६१ प्रश्न सोडवून उठला. सोडलेले प्रश्न मी त्याच्यासमोर ठेवले आणि ज्यांत चारपैकी दोन पर्याय खात्रीने चूक आहेत, तेवढेच निवडायला सांगितले. असे १६ निघाले. तिथेच बसून त्याने ते सोडवले. ९ बरोबर आले, ७ चुकले. म्हणजे १८ गुण मिळाले, साडेतीन गेले आणि साडेचौदा हातात राहिले. एखाद-दुसऱ्या गुणाने कटऑफ हुकल्याच्या कहाण्या ज्या शहरात रोज चहाच्या टपरीवर ऐकू येतात, तिथे हा मुलगा साडेचौदा गुण उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या गोलांत ठेवून आला होता. (डोळे मिटून गोल भरत सुटावे, असा याचा अर्थ नाही. चारही पर्याय अनोळखी असतील, तर ठोकताळ्याने हाती लागते ते नगण्य असते आणि पेपर काढणाऱ्यांनी चकवा देणारा पर्याय तिथे ठेवलेलाच असतो.) मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, सोडला की निदान चुकत तरी नाही.” अपयशाच्या भीतीचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही.

मुख्य परीक्षेत हीच भीती वेगळे रूप घेते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी बहुतांशी बहुपर्यायी स्वरूपाची होती. ती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. त्या वेळी मांडले गेलेले काही मुद्दे रास्त होते, कारण ज्यांनी अनेक वर्षे एका पद्धतीची तयारी केली, त्यांच्यासाठी मैदानच बदलणार होते. पण वाढीव मुदतीचे पुढे काय झाले, तेही मी पाहिले आहे. कित्येकांनी त्या काळात टिपणांच्या वह्यांवर वह्या भरल्या. तीन तास घड्याळ लावून एक अख्खा पेपर लिहिण्याची वेळ मात्र आली नाही. “सिलॅबस पूर्ण झाला की लिहायला घेतो,” हे वाक्य ठरलेले. अभ्यासक्रम कधीच पूर्ण होत नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच ती पळवाट सुरक्षित असते. बहुपर्यायी प्रश्नात चुकले, तर एक गोल चुकतो. लिहिलेल्या उत्तरात आपल्या विचारांचा कच्चेपणा आपल्याच अक्षरात समोर येतो आणि तो दुसरे कोणीतरी लाल पेनाने अधोरेखित करते. त्यापेक्षा आणखी एक पुस्तक वाचलेले बरे वाटते.

एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तराची पहिली ओळ ठळक दिसायची. कागद उजेडात धरल्यावर कळले की ती ओळ आधी पेन्सिलने लिहून मग तिच्यावरून पेन फिरवलेला आहे. सुरुवात चुकली, तर खोडता यावी, म्हणून ही व्यवस्था. त्यापायी प्रत्येक उत्तरात मिनिट-दीड मिनिट जायचे आणि शेवटचे तीन प्रश्न कोरे राहायचे. मराठवाड्यातील ऊस आणि भूजल यांवरच्या प्रश्नात तिने अर्धे पान भूजलाच्या व्याख्येत घालवले होते. कमी पावसाच्या प्रदेशात बारमाही पीक का टिकून राहते, कारखाना आणि हमखास खरेदी यांचा त्यात काय वाटा आहे, हे सगळे तिला माहीत होते आणि ते शेवटच्या चार ओळींत, घाईने, पण उत्तम लिहिलेले होते. मी तिला एवढेच सांगितले की यापुढे पेन्सिल खोलीवर ठेवून यायचे आणि सुरुवात त्या शेवटच्या चार ओळींपासून करायची. पहिल्या काही उत्तरपत्रिका गिचमिड आल्या, गुण आधीपेक्षाही कमी पडले, तिला रडू आले. पुढे पेपर पूर्ण होऊ लागला. तिला मी कधीही धीराचे भाषण दिले नाही. वाईट उत्तर लिहूनही दुसऱ्या दिवशी मेसमध्ये जेवायला जाता येते, हे तिला वारंवार दिसत गेले, एवढेच घडले.

तथापि सराव चाचणीतील अपयश स्वस्त असते. खऱ्या निकालाची किंमत निराळी असते आणि ती गावाकडे मोजली जाते. गणपतीला घरी गेले की ओटीवर बसलेला प्रत्येक जण “काय, निघाली का पोस्ट?” असे विचारतो. वडिलांनी कर्ज काढलेले असते, धाकट्या बहिणीचे शिक्षण अडलेले असते, आणि खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ असल्यामुळे हा प्रश्न तिशी ओलांडल्यावरही संपत नाही. अशा मुलाला “अपयशाला घाबरू नकोस” असे सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. त्याची भीती खोटी नाही.

याच मुलांना मार्गदर्शन शिबिरांतून कोंढाण्याची गोष्ट हमखास सांगितली जाते. तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरले, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचे सांगितले आणि गड आला. तसे तुम्हीही परतीचे दोर कापा, नोकरीचा विचार सोडा, झोकून द्या. गोष्ट थोर आहे, प्रश्नच नाही; पण ती लढाई एका रात्रीची होती. पहाटेपर्यंत निकाल लागणार असेल, तर परतीची वाट नसणे माणसाला बळ देते. जिथे जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत आणि एकाच फेरीला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, तिथे कापलेला दोर रोज आठवतो आणि हात थरथरतो. माझ्या पाहण्यात तरी लिपिक-टंकलेखक किंवा कर सहायक म्हणून आधीच रुजू झालेली मुले राज्यसेवेचे पेपर अधिक मोकळ्या हाताने लिहितात. त्यांना अभ्यासाला वेळ कमी मिळतो, ही अडचण मोठी आहे, आणि नोकरी लागल्यावर सुस्तावलेली उदाहरणेही मला माहीत आहेत. तरी ५०-५० वाटणाऱ्या प्रश्नावर गोल भरताना त्यांच्या डोळ्यांपुढे घर येत नाही. अशा पदांसाठीच्या संयुक्त परीक्षेचा अर्ज भरणे म्हणजे मोठ्या ध्येयाशी प्रतारणा, असे मानणाऱ्यांशी म्हणूनच मी भांडतो. पदवीनंतर पहिल्याच वर्षी, उत्साह असताना, घरच्यांसमोर बसून किती वर्षे, किती पैसे आणि त्यानंतर काय, हे ठरवून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. त्या बैठकीत वडील गप्प बसतात, आई काळजीने “तसं कशाला बोलायचं, होईल की” म्हणते, आणि बहुतेक मुले विषय तिथेच सोडतात. ज्यांनी तो पुढे नेला, त्यांच्याशी नंतर निकालाबद्दल बोलणे मला सोपे गेले आहे.

यातले काही मुलांच्या हातात आहे, काही नाही. पेन्सिल घरी ठेवता येते, दर रविवारी पेपर लिहिता येतो, दुसरी नोकरी धरता येते. मात्र जाहिरात कधी निघेल, किती पदांची असेल आणि निकाल कोणत्या महिन्यात लागेल, हे ज्याला माहीत नाही, त्याला आपल्या अपयशाची किंमत आधी मोजताच येत नाही. भीतीचा तेवढा भाग मुलांच्या मनात शोधणे अन्यायाचे आहे. तो वेळापत्रकातच दुरुस्त व्हायला हवा.