सहा पुस्तकं आणि मधेच भारतवारी

जुलै उजाडला की ब्रिटनमधल्या बहुतेक सार्वजनिक लायब्ररींत रंगीत पोस्टरं लागतात: समर रीडिंग चॅलेंज. चार ते अकरा वर्षांच्या मुलांनी सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची, एवढाच खेळ. तो १९९९ला सुरू झाला, 'द रीडिंग एजन्सी' ही संस्था लायब्ररींच्या मदतीने तो चालवते आणि विषय दरवर्षी नवा असतो. २०१९ला अंतराळ होतं, २०२३ला खेळ, २०२५ला बाग. पैसे लागत नाहीत. स्कॉटलंडमधल्या शाळा जूनअखेरीसच सुटतात, त्यामुळे तिथे सुरुवातही लवकर होते.

काउंटरवर मुलाचं नाव सांगायचं. कार्ड नसेल तर तिथेच काढून मिळतं, फक्त पालकांपैकी कुणीतरी सोबत हवं. मग साधारणपणे एक फोल्डर हातात पडतं आणि पुस्तकं वाचून झाली की त्यात लावायला स्टिकर मिळत जातात. काही वर्षी तर वासाचे स्टिकर होते, आणि मुलांना आवडायचे ते नेमके घाण वासाचे! सहा पूर्ण झाली की प्रशस्तिपत्र आणि बहुतेक ठिकाणी पदक.

एकदम सहा पुस्तकं उचलून आणू नका. ढीग टेबलावर बसतो आणि मूल त्याच्याकडे पाठ करून बसतं. दोन-दोन न्या. नोंदणीनंतर तीन फेऱ्या होतात, दहा-दहा दिवसांनी गेलात तरी महिन्यात काम होतं. शिवाय दर फेरीला स्टिकर मिळतो, तो आनंद एकाच दिवशी उरकून कशाला टाकायचा?

पुस्तक कुठलं, यावर घरोघरी वाद होतात. आईबाबांना जाडजूड 'चांगलं' पुस्तक हवं असतं, मुलाला विनोदांचं किंवा कॉमिक. चॅलेंजमध्ये दोन्ही चालतं. ऑडिओबुकही चालतं, केक कसे करायचे याचं पुस्तकही चालतं. निवड मुलाची असू द्या, तुम्ही फक्त ते झेपेल का एवढं बघा. मधलं एखादं पान मोठ्याने वाचायला सांगा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडा. पान संपायच्या आत मूठ वळली, तर ते पुस्तक पुढच्या वर्षी. दोन-तीन बोटं दुमडली तर बेस्ट. आणि पहिलं पुस्तक मुद्दाम बारीक घ्या. पहिला स्टिकर लवकर चिकटला की पुढची गाडी रुळावर राहते.

खरी मजा मात्र काउंटरवर. पुस्तक परत देताना मूल त्याबद्दल दोन वाक्यं बोलतं आणि समोर बऱ्याचदा चौदा-पंधरा वर्षांचा स्वयंसेवक असतो. 'तुला कोण आवडलं?' मूल म्हणतं, 'कुत्रा.' 'का?' 'कारण तो सॉसेज चोरतो.' झालं, परीक्षा नाहीच ही. नेमक्या याच क्षणी मागून 'अगं, नीट सांग ना, घरी किती छान सांगितलं होतंस!' असा आवाज येतो आणि मूल मिटतं. तेवढी दोन मिनिटं तुम्ही मासिकांच्या रॅककडे जाऊन उभे राहा.

आता आपल्या लोकांची खास अडचण. सुट्टी सहा आठवड्यांची, त्यातले तीन-चार पुण्या-नाशकात. पुस्तकाची मुदत बहुतेक ठिकाणी तीन आठवडे. ऑनलाइन मुदतवाढ मिळते, पण दुसऱ्या कुणी ते पुस्तक राखून ठेवलं असेल तर मिळत नाही. मुलांच्या पुस्तकांना उशिराचा दंड बऱ्याच काउन्सिलांनी काढून टाकलाय. पण पुस्तक आजोळी पलंगाखाली राहिलं, तर त्याची किंमत भरावीच लागते. म्हणून निघण्याआधी कागदी पुस्तकं परत करून टाका आणि लायब्ररीच्या ॲपवरून ई-बुकं किंवा ऑडिओबुकं उतरवून घ्या. हे घरच्या वायफायवर करा, विमानतळावर रांगेत उभं राहून नाही. आणि विमानात एकदा उघडून बघायचं, असं ठरवू नका. ते आदल्या रात्रीच उघडून बघा.

आजीकडे वाचलेली मराठी पुस्तकं धरतात का? नोंदणी करतानाच विचारून घ्या, कारण प्रत्यक्ष हिशेब त्या त्या लायब्ररीत ठेवतात. बहुतेक ठिकाणी मुलाने काय वाचलं याबाबत ताणून धरत नाहीत. मराठी पुस्तक मोजलं गेलं, तर काउंटरवरचं संभाषण ऐकण्यासारखं होतं. म्हातारी भोपळ्यात का बसली हे इंग्रजीत सांगता येतं, पण 'टुणुक टुणुक'ला शब्द सापडत नाही आणि मग मूल उडी मारूनच दाखवतं.

परत आल्यावर पहिल्या दोन दिवसांत लायब्ररीची वेळ तपासा. छोट्या शाखा आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद असतात, शनिवारी कधी अर्धाच दिवस उघडतात. चॅलेंजची शेवटची तारीख बहुधा सप्टेंबरच्या सुरुवातीची असते, पण पदकांचा साठा त्याआधी संपू शकतो. सहावं पुस्तक जेट लॅगमध्ये पहाटे चारला वाचून होतं, असा अनेक घरांचा अनुभव आहे.